दोन केयतांमधली सनाबा

"दाउदाला सांग, त्याचा बोकड माझ्या भुईमुगात शिरलाय."

सूंकालो केयता हे खाटेवर बसून म्हणाला. दाउदा, म्हणजे त्याचा धाकटा सावत्र भाऊ, भिंतीपलीकडे आंब्याखाली चहाची किटली हलवत होता. भिंत कमरेएवढी. बोकड दोघांनाही दिसत होता. दाउदाने ऐकलेलंही होतं, कारण किटलीवरचा त्याचा हात थांबला होता. पण ऐकलं तरी ऐकलं नाही असं धरायचं, हा त्या घरचा नऊ वर्षांचा नियम होता. कारण निरोप अजून सनाबाच्या तोंडून यायचा होता.

सनाबा कुयाते उठली. उठताना गुडघ्यांनी जो आवाज केला तो पलीकडे पोचला असेल, निरोपाच्या आधीच. त्रेसष्टाव्या वर्षी भिंत ओलांडता येत नाही, म्हणून ती फाटकातून बाहेर गेली, उन्हातून वळसा घालून दुसऱ्या फाटकातून आत शिरली आणि दाउदासमोर उभी राहिली.

"केयता! थोरले म्हणतात, तुझ्या जनावरांना त्यांच्या शेताचा लळा लागलाय. बापाचं घर एकच आहे हे मुक्या जनावरालाही कळतं, म्हणतात."

"त्याला सांग, कुंपण घालायला काय हात झडलेत?"

पुन्हा फाटक, पुन्हा ऊन, पुन्हा फाटक.

"केयता! दाउदा म्हणतो, कुंपणासाठी काटेरी फांद्या तो पाठवून देईल."

"बरं," सूंकालो म्हणाला.

आता या फांद्या दाउदा पाठवणार नव्हता. त्याला हे ठाऊकच नव्हतं. म्हणजे संध्याकाळच्या आत सनाबालाच कुठून तरी फांद्या तोडून आणून भुईमुगाच्या बांधावर टाकणं भाग होतं, नाहीतर तिचा शब्द खोटा पडला असता. नऊ वर्षांत अशा किती फांद्या, किती कोंबड्या, आजारपणात किती लापशीची भांडी तिने एका भावाच्या नावाने दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवली होती, याचा तिने हिशोबही सोडून दिला होता. चीड मात्र रोजच यायची. पण ती गुडघ्यांची की केयतांची, हे वेगळं सांगणं कठीण.

कुयाते हे केयतांचे ज्येली, घराण्याचे भाट. आजचे नाहीत, केयतांच्या पहिल्या राजापासूनचे. ज्येलीने केयतांचे पूर्वज पाठ ठेवायचे, बारशाला आणि लग्नाला गायचे, आणि केयतांच्या तोंडचा शब्द चार लोकांत मोठ्याने बोलायचा. कारण खानदानी माणूस आवाज चढवत नाही, तो पुटपुटतो. सनाबाच्या आईने तिला हे उखळापाशी शिकवलं. बाजरी कांडताना मुसळाच्या एका घावाला एक नाव. नाव चुकलं की पुन्हा पहिल्या केयतापासून सुरुवात, आणि बाजरी तोवर पीठ होऊन उडून जायची. गळा मात्र देवाने तिच्या धाकट्या बहिणीला दिला. ती बहीण राजधानीला, बामाकोला गेली, तिच्या कॅसेट निघाल्या, आता ती जवळच्या किटा स्टेशनात उतरली की लोक गाडीच्या खिडकीला लटकतात. सनाबाचा गळा साधा, जरा घोगराच. पण बोलणं! "बहीण गाते, सनाबा बोलते," असं आईच म्हणायची, आणि त्यात कौतुक कितपत होतं ते आईलाच माहीत.

आईची एक शिकवण सनाबाने हाडात मुरवली होती. शब्द तोंडात येतो तेव्हा तो कच्चा असतो. ज्येलीच्या तोंडातून शिजून बाहेर पडला पाहिजे. त्याप्रमाणे सनाबाने चाळीस वर्षं शब्द शिजवले. नवऱ्या-बायकांची भांडणं मिटवली, पळून गेलेल्या सुना परत आणल्या, एकदा विहिरीवरून निघालेले कोयते खाली ठेवायला लावले. तिचा नवरा फलाये लाकडी पट्ट्यांचा बालाफोन वाजवायचा, म्हणजे वर्षातले दहा महिने तो बालाफोनच्या भोपळ्यांना सिगारेटचा कागद चिकटवत बसायचा आणि दोन महिने वाजवायचा. घर चाललं ते सनाबाच्या बोलण्यावर.

आणि हे सगळं करून हाती काय आलं, तर दोन म्हातारे आणि एक बोकड.

केयतांचं भांडण बैलावरून होतं. बाप गेला तेव्हा सूंकालो दक्षिणेला, परक्या देशात कोकोच्या मळ्यावर होता. निरोप मिळून तो परतला तोवर चाळिसाव्या दिवसाचा विधीही उरकला होता. गोठ्यात पाहतो तो काळा बैल नाही. वासरू असल्यापासून त्याने हाताने चारून वाढवलेला, नांगराला शिकवलेला बैल दाउदाने कापून चाळिसाव्याच्या जेवणात घातला होता. सूंकालो धाकट्याला काही बोलला नाही. त्याने सनाबाला बोलावलं. दाउदाने उत्तर दिलं, तेही सनाबाजवळ. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोललेच नाहीत. त्या दिवशी कोण नेमकं काय म्हणालं हे सनाबाला विचाराल, तर तिला फक्त स्वतःची वाक्यं आठवत. ती चांगली होती. आजूबाजूच्या तीन गावांत अजून म्हणून दाखवतात.

एरवी हे असंच दोघांच्या मातीपर्यंत चाललं असतं. पण दाउदाला न्यागाले नावाची मुलगी होती, बावीस वर्षांची. आणि मुलगी बाप देत नाही, घरातला थोरला देतो. मुलाकडचे कोला, म्हणजे सुपारीसारख्या बिया, आणतात, थोरला त्यातला एक उचलून फोडतो, तेव्हा लग्न ठरतं. गेल्या दोन वर्षांत दोन स्थळं आली होती. दोन्ही वेळा सूंकालो म्हणाला, "आधी बैलाचा जबाब, मग कोला." सनाबाने भिंतीपलीकडे जाऊन सांगितलं, "थोरले म्हणतात, पोरीची घाई कशाला, अजून लहान आहे." दाउदा म्हणाला, "त्याला पोरीचं सुख बघवत नाही." सनाबाने परत येऊन सांगितलं, "दाउदा म्हणतो, तुमच्या मर्जीबाहेर तो नाही." सूंकालो समाधानाने मान हलवायचा. दाउदा चहा ओतायचा. पाहुणे वाट पाहून परत जायचे.

आता तिसरं स्थळ आलं होतं. कायेस गावचा, कुलिबाली घराण्यातला एक शिंपी, मशीन स्वतःचं, आणि न्यागालेला तो मनापासून पसंत होता. गुरुवारी त्यांची माणसं कोला घेऊन येणार होती. ही पोरगी गेल्या दोन वेळेस गप्प राहिली होती. या वेळेस राहिली नाही. बांधावर काटेरी फांद्या टाकत असलेल्या सनाबाला तिने गाठलं.

"आजी, ह्या माझ्या बापाने पाठवल्यात का?"

"हो तर."

"माझा बाप सकाळपासून आंब्याखालून उठलेला नाही." तिने सनाबाच्या हातातली फांदी काढून घेतली. "आजी, खरं सांग. तू त्यांना त्यांचं सांगतेस की तुझं सांगतेस?"

"ज्येलीला असं विचारतात का गं?"

"शिंपी म्हणालाय, या वेळी त्याच्या काकांना हात हलवत परत पाठवलं तर पुन्हा येणार नाहीत. काका तापट आहेत. आणि तो काकांच्या शब्दाबाहेर जाणार नाही. मग मी काय करू? त्या भिंतीवर बसून म्हातारी होऊ? तू दोघांना इतकं गोड भरवतेस की कुणाला भूकच लागत नाही भांडण मिटवायची."

सनाबाला इतका राग आला की फांदीचा काटा तळव्यात गेलेला तिला घरी जाईपर्यंत कळला नाही. काल जन्मलेली पोर, हिच्या बारशाला आपण गायलो, आणि ही मला ज्येलीचं काम शिकवते! घरी फलाये भोपळा मांडीवर घेऊन बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने कागदाला थुंकी लावली.

"पोरगी खोटं नाही बोलली," तो म्हणाला.

"तुम्ही वाजवा."

"वाजवीन की. लग्न झालं तर."

मंगळवार गेला, बुधवार गेला. दोन्ही दिवस सनाबा फाटकांतून फेऱ्या घालत होती, आणि आता दर फेरीला पोरीचं बोलणं तिच्या कानात कुसळासारखं टोचत होतं. सूंकालो म्हणाला, "सांग, बैलाचा जबाब नाही तर कोला नाही." पलीकडे जाऊन ती नेहमीसारखी तोंड उघडायला गेली आणि तिच्या जिभेवर आपोआप आलं, 'थोरले म्हणतात, घाई कशाला.' शब्द शब्द तेच, गेल्या वर्षीचे! तिचा तिलाच वीट आला.

"काय म्हणतो?" दाउदाने विचारलं.

"खोकतोय," सनाबा म्हणाली आणि निघून गेली.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर कुलिबाली आले. एका व्हॅनमधून नऊ माणसं उतरली, बाकीची टपावरून. पुढे मुलाचा काका झान कुलिबाली, निळा झगा, हातात काठी. सोबत त्यांचा ज्येली बुरामा दंबा, खांद्याला लाउडस्पीकर अडकवलेला, जणू चार वीत अंगणात त्याचा आवाज पोचणार नव्हता. चटया सूंकालोच्या अंगणात पसरल्या होत्या. दाउदा आला आणि भावापासून सहा हात लांब बसला, तोंड भिंतीकडे करून. न्यागाले बायकांबरोबर दारात उभी होती.

बुरामाने पानांत गुंडाळलेले दहा कोला सनाबाच्या हातात दिले. सनाबाने ते सूंकालोसमोर ठेवले. मग ती खाली बसली आणि डोक्यावरच्या ओढणीचं टोक तोंडावर घेतलं.

सूंकालो नेहमीसारखा तिच्या कानाशी पुटपुटला, "त्याला सांग, आधी बैलाचं."

सनाबा गप्प.

"सनाबा. सांग त्याला."

एक कोंबडी चटईवर चढली होती. सनाबा तिच्याकडे पाहत राहिली.

"सनाबा, दादाला विचार काय म्हणतोय," दाउदा भिंतीला म्हणाला.

काही नाही. लोक आधी खाकरले, मग एकमेकांकडे बघू लागले. बुरामा वाकून म्हणाला, "कुयाते, आवाज बसलाय का? मी सांगू का तुमच्या वतीने?" सनाबाने त्याच्याकडे वळून एक बोट वर केलं. केयतांच्या अंगणात केयतांचा शब्द कुयातेनेच बोलायचा, दुसऱ्या कुणी तिच्या परवानगीवाचून नाही. बुरामाला हे न सांगता कळलं. तो मागे सरकला.

"चवळी जास्त झालेली दिसते," झान कुलिबाली मोठ्याने म्हणाला. केयता आणि कुलिबालींची थट्टा चालतेच, ती चवळीपासून सुरू होते आणि चवळीवर संपते. "चवळी खाल्ली की केयतांचं तोंड तेवढं बंद होतं. बाकी सगळं उघडं."

"कुलिबालींना काय ठाऊक?" मागून एक म्हातारा केयता ओरडला. "तुम्ही तर चवळी टरफलासकट खाता!"

सगळे हसले. हसू संपलं. चहाची दुसरी फेरी फिरली. झानने आपला पेला न पिता खाली ठेवला. थोरला आता उठून गेला तर तिसरं स्थळही गेलं, आणि या वेळी ते कुणाच्या बैलापायी नाही, तिच्या गप्प बसण्यापायी. केयतांचं घर कुयातेने मोडलं, असं लोक म्हणणार. आणि बरोबरच म्हणणार. ओढणीखाली तिच्या ओठांवर तीन चांगली वाक्यं तयार होऊन बसली होती. तिने दात आवळले.

सूंकालोने चपलेत पाय घातला. उभा राहिला.

"दादा, बस," दाउदा म्हणाला.

नऊ वर्षांतला पहिला शब्द, तोही भिंतीकडे बघत. सूंकालो उभाच राहिला. त्याने सनाबाकडे पाहिलं, तिची मदत येत नाही असं दिसल्यावर आकाशाकडे पाहिलं आणि कुणाला तरी म्हणावं तसं म्हणाला, "माझा बैल."

"बैलाचं मी तुला कळवलं होतं."

"काय कळवलंस?" आता तो वळला. "बापाला मूठभर माती द्यायला मी नव्हतो. चाळिसाव्यालाही थांबला नाहीस माझ्यासाठी. माझ्या हातचा बैल कापलास, गावाला खाऊ घातलास, आणि वर मला निरोप! काय, तर बैल आपणहून मान पुढे करून उभा राहिला म्हणे, बापाच्या नावाने! मला काय वेडा समजतोस?"

दाउदाचं तोंड उघडंच राहिलं. "मी असं म्हणालो?"

"सगळं गाव म्हणतं अजून."

"अरे, पाय मोडला होता त्याचा! विहिरीपाशी जो माती काढलेला खड्डा होता ना, त्यात पुढचा पाय गेला. कटकन मोडला. सकाळभर ओरडत होता. मी इमामांना विचारायला धावलो. ते म्हणाले, जीव जायच्या आत सुरी फिरव, नाहीतर मांस टाकून द्यावं लागेल. चाळिसावा दुसऱ्या दिवशी. मी काय करायला हवं होतं, सांग? मी रडलो रे सुरी फिरवताना. हे सगळं मी शब्दाला शब्द सांगून पाठवलं होतं तुला."

"कुणाजवळ?"

बोलायची गरज नव्हती. अंगणातल्या चाळीसेक माणसांच्या माना एकदम एकाच दिशेला वळल्या.

सनाबाने ओढणी खाली घेतली. आता तिला आठवलं. खड्डा आठवला, ओरडणं आठवलं, दाउदाचे सुजलेले डोळे आठवले. आणि हेही आठवलं की फाटकातून इकडे येता येता तिने विचार केला होता: बाप गमावून आलेल्या माणसाला, तेही केयताला, त्याचा बैल मातीच्या खड्ड्यात पडून मेला असं कसं सांगायचं? तेव्हा दुसऱ्या फाटकापर्यंत तिने ते वाक्य रचलं.

"ते वाक्य चांगलं होतं," ती म्हणाली.

"चांगलं!" सूंकालो म्हणाला. "आणि मी जे म्हणालो होतो? 'माझ्यासाठी का थांबला नाहीस', ते सांगितलंस याला?"

"मला म्हणाली, 'दादा म्हणतात, झालं ते बापाच्या पुण्याईने झालं,'" दाउदा म्हणाला. "मला वाटलं, तुला काही वाटलंच नाही. आणि वाटलं नाही, तरी बोलत का नाहीस? मग मीही म्हटलं, गेलास उडत."

"नऊ वर्षं!"

"नऊ वर्षं, दादा!"

आणि मग ते दोघे मिळून सनाबावर तुटून पडले. केयताने कुयातेच्या अंगाला हात लावायचा नाही, ही शपथ फार जुनी आहे. तोंडाबद्दल शपथेत काही नाही. म्हातारी, लबाड, साखरेची गोण, जिभेला हाड नसलेली! एक वाक्य थोरला सुरू करी, धाकटा पुरं करी. कुलिबाली तोंडावर हात घेऊन ऐकत होते. सनाबा मान खाली घालून बसली होती आणि मनातून जळफळत होती. चूक तिची होती, एक नाही, नऊ वर्षांच्या चुका होत्या, आणि ते नाकारण्याइतकी ती मूर्ख नव्हती. पण कुणी तरी हेही म्हणायला हवं होतं की दोन धडधाकट माणसांनी कमरेएवढी भिंत ओलांडून एकदा विचारलं असतं तर? तेही तिनेच सांगायचं का?

"म्हणजे," झान कुलिबालीने काठी आपटली, "एका बैलाच्या पायापायी मी उन्हात बसलोय? मुलगी देता की नाही? नाही तर चवळी तरी वाढा."

सूंकालो खाली बसला. त्याने पान उलगडलं, एक कोला उचलला, दातांनी फोडला. अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. उरलेला अर्धा हात लांब करून दाउदाकडे धरला, तर सहा हातांचं अंतर, पोचेना. दाउदा गुडघ्यांवर सरकत पुढे आला आणि त्याने तो घेतला. दोघांचेही डोळे भरले होते. कोला कडूच असतो.

"मुलगी दिली," सूंकालो म्हणाला.

पण खानदानी माणूस तो. पुटपुटला. मागच्या रांगेतून लोक विचारू लागले, "काय म्हणाले? काय म्हणाले?" पुन्हा सगळ्या माना सनाबाकडे वळल्या. सूंकालोही बघू लागला, जरा घाबरून.

सनाबा उभी राहिली. दारात न्यागाले चौकटीला धरून उभी होती, रडत होती की हसत होती ते या अंतरावरून दिसत नव्हतं.

"मुलगी दिली, म्हणाले," सनाबा म्हणाली.

लोक थांबले. बुरामा दंबा लाउडस्पीकरचं बटण धरून थांबला. पुढे पूर्वज येणार, राजे येणार, नद्या येणार, सिंह येणार, अशी सगळ्यांची अपेक्षा.

"एवढंच?" बुरामाने हळूच विचारलं.

"एवढंच म्हणाले ते. तुला वाढवायचं असेल तर तुझ्या कुलिबालींचं वाढव."

त्याने लगेच वाढवलं. लाउडस्पीकर किंचाळला, बायकांनी गलका केला, फलायेने कधी नव्हे ते वेळेवर बालाफोन काढला. शेंगदाण्याच्या रश्शाची पातेली बाहेर आली. सनाबाने स्वतःसाठी भात वाढून घेतला, भरपूर, आणि भिंतीवरून इकडे आलेल्या आंब्याच्या सावलीत टेकली. दोन घास गेले नाहीत तोच भिंतीपाशी आवाज चढले. लग्नाचा मांडव कुणाच्या अंगणात घालायचा यावर थोरल्या-धाकट्याची जुंपली होती, आणि आता मध्ये कुणी नसल्यामुळे शब्द जसेच्या तसे एकमेकांच्या तोंडावर बसत होते. दाउदाचा चेहरा लाल झाला. तो गर्रकन वळला.

"सनाबा! जरा त्याला सांग—"

"तो बहिरा नाही," सनाबा घास गिळून म्हणाली. "मीही दमलेय. जेवू द्या."